जरथुष्ट्राचे नवे अनुयायी



पश्चिम रेल्वेच्या मीरा रोड स्थानकावर उतरून पूर्वेच्या बाजूस बाहेर पडलें कीं थोड्याच अंतरावर नया नगर लागतें. एके काळीं जेथें मिठागरें आणि भातखाचरें होतीं, तेथें आज दाट वस्ती झाली आहे आणि ती बहुतांशीं मुसलमानांची आहे. त्या वस्तींतल्या एखाद्या शाळकरी मुलास विचारावें, कीं परक्या मनुष्याला तुमच्या धर्मांत येतां येईल काय? तो क्षणभरही विचार न करतां म्हणेल, कां नाहीं? मनापासून कलमा म्हटला कीं झालें. आतां त्याच लोहमार्गानें मुंबईकडे जावें आणि ग्रँट रोडच्या बाजूस एखाद्या अगियारीच्या दाराशीं हाच प्रश्न करावा. तेथें उत्तर देण्यासही बहुधा कोणी थांबणार नाहीं. पारशांखेरीज इतरांस आंत प्रवेश नाहीं, ही दारावरची पाटीच उत्तर देईल.

या दोन उत्तरांमधील अंतर आगगाडीच्या अंतरापेक्षां पुष्कळ मोठें आहे. आणि याच अंतरांत गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांतला एक विलक्षण प्रयत्न अडकून राहिला आहे. जरथुष्ट्राचा प्राचीन इराणी धर्म युरोप-अमेरिकेंतल्या अर्वाचीन माणसांकरितां नव्यानें उभा करावा, असा तो प्रयत्न होय. त्याचें बीज कोठें पडलें, तें कसें वाढलें, आणि तें कोणत्या दगडापाशीं येऊन अडलें, याचा विचार महाराष्ट्रांत व्हावा हें योग्यच आहे. कारण त्या कथेंतले कित्येक महत्त्वाचे प्रसंग पुण्यामुंबईस घडले आहेत.

नया नगरच्या पूर्वेस डोंगराची जी रांग दिसते, तिच्याच दक्षिण भागांत कान्हेरीचीं लेणीं आहेत. लेणीं बौद्धांचीं, परंतु त्यांपैकीं एकांत पहलवी लिपींत कोरलेले तीन लेख आहेत. ते इसवी सन १००९ आणि १०२१ या सालांतले आहेत. कांहीं जरथुष्ट्री मंडळी हीं लेणीं पाहावयास आली आणि आपलीं नांवें, बापाचीं नांवें व तिथि दगडावर कोरून परत गेली, एवढाच त्यांचा मजकूर. पुढें सुमारें साडेआठशें वर्षांनीं हे लेख वाचले ते ई. डब्ल्यू. वेस्ट या इंग्रज गृहस्थांनीं. ते व्यवसायानें रेल्वेचे अभियंते. पहलवी भाषा त्यांनीं हौसेनें आणि कष्टानें स्वतःच संपादन केली. लेख कोरणारे एक आणि ते वाचणारे दुसरे, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. जरथुष्ट्री धर्माचा अर्वाचीन इतिहास जवळजवळ सगळा याच दोन पक्षांचा इतिहास आहे. एका पक्षाजवळ धर्म वंशपरंपरेनें आला. दुसऱ्यास तो वाचनांत सांपडला.

वाचणाऱ्यांत पहिलें मोठें नांव आंक्तिल द्युपेरों या फ्रेंच तरुणाचें. तो १७५८ पासून १७६१ पर्यंत सुरतेस राहिला, पारशी दस्तुरांपाशीं शिकला, हस्तलिखितें घेऊन पॅरिसला परतला आणि १७७१ सालीं त्यानें अवेस्त्याचें फ्रेंच भाषांतर छापून प्रसिद्ध केलें. तोंवर युरोपांतल्या विद्वानांस जरथुष्ट्र हें केवळ एक नांव होतें. आतां त्या नांवामागें ग्रंथ उभा राहिला. या ग्रंथाचा उपयोग मात्र सर्वांनीं सारखा केला नाहीं. मुंबईचे मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनीं १८४३ सालीं पारशी धर्मावर जें जाडें पुस्तक लिहिलें, त्यांत याच ग्रंथांतले उतारे घेऊन त्यांनीं त्या धर्मावर हल्ला चढविला. त्यापूर्वीं चार वर्षें, १८३९ सालीं, दोन पारशी मुलांनीं विल्सनसाहेबांकडून ख्रिस्ती दीक्षा घेतल्यामुळें सारी जमात हादरून गेलीच होती. आपल्या प्रार्थना आपल्याला मुखोद्गत आहेत, पण त्यांचा अर्थ आपल्यांपैकीं फार थोड्यांस कळतो, ही जाणीव शिकलेल्या पारशांस तेव्हां प्रथम बोचूं लागली.

या बोंचणीवर औषध मिळालें तें पुण्यास. १८५९ सालीं मार्टिन हौग नांवाचे जर्मन पंडित पुण्याच्या पाठशाळेंत संस्कृत अध्ययनाचे प्रमुख म्हणून आले आणि १८६६ पर्यंत तेथें राहिले. वेदांची भाषा त्यांच्या हातची होती. अवेस्त्यांतला यस्न हा भाग बहात्तर अध्यायांचा आहे. त्यांतल्या सतरा सूक्तांची भाषा इतरांहून पुष्कळ जुनी, ऋग्वेदाच्या जवळची आहे, हें त्यांनीं दाखवून दिलें. या सतरा सूक्तांसच गाथा म्हणतात. हौगसाहेबांचा निष्कर्ष असा, कीं प्रत्यक्ष जरथुष्ट्राचे शब्द असतील तर ते या गाथांतच; बाकीचे विधि, निषेध आणि देवतांचीं स्तोत्रें मागाहून आलेलीं. १८६२ सालीं त्यांचे निबंध मुंबईस छापले गेले. त्याच सुमारास खरशेदजी रुस्तमजी कामा हे युरोपांत अवेस्त्याचें शास्त्रीय अध्ययन करून परतले होते आणि तरुण दस्तुरांस नव्या पद्धतीनें शिकवूं लागले होते. मुंबईंतली कामा प्राच्यविद्या संस्था त्यांच्याच स्मरणार्थ १९१६ सालीं स्थापन झाली.

गाथांचें हें पृथक्करण वरवर पाहतां व्याकरणाचें काम दिसतें. परंतु त्याचा परिणाम फार दूरवर झाला. गाथांत अहुर मज्द हा एकच परमेश्वर आहे. ‘अश’ म्हणजे सत्य आणि ऋत यांचा संगम हा त्याचा मार्ग आहे. आणि सत्य व असत्य यांपैकीं काय पत्करावयाचें तें प्रत्येक पुरुषानें व प्रत्येक स्त्रीनें आपापल्या बुद्धीनें ठरवावयाचें आहे. तेथें वंश नाहीं, जात नाहीं, सोवळेंओंवळेंही फारसें नाहीं. सुविचार, सुवचन आणि सुकृति एवढ्यांत सारा आचार सांठवलेला. चर्चच्या अधिकारास कंटाळलेल्या, परंतु ईश्वर अगदींच सोडावयास तयार नसलेल्या पाश्चात्त्य मनुष्याला हा धर्म आपल्याचसाठीं राखून ठेवला होता असें वाटल्यास नवल तें काय? आणि पारशांस तरी काय, विल्सनसाहेबांस द्यावयाचें उत्तर आयतेंच हातीं आलें. वाचणारे आणि वारस दोघेही कांहीं काळ एकाच वाटेनें चालूं लागले.

१८७९ सालीं थिऑसफिकल सोसायटीचे संस्थापक मुंबईस आले. १८८२ च्या फेब्रुवारींत त्यांच्यापैकीं कर्नल ऑलकॉट यांनीं टाऊन हॉलमध्यें जरथुष्ट्री धर्माच्या अंतरंगावर व्याख्यान दिलें आणि आपल्या क्रियाकर्मांत गूढ सामर्थ्य आहे, तीं टाकूं नका, असें पारशांस बजावलें. म्हणजे एक परका पंडित म्हणतो, गाथा ठेवा, बाकीचें मागाहूनचें. दुसरा परका म्हणतो, बाकीचें हेंच खरें रहस्य. पारशी समाजांत पुढें जे सुधारक आणि सनातनी असे पक्ष पडले, त्यांच्या हातांतलीं कित्येक शस्त्रें अशीं परदेशांत घडलेलीं होतीं.

तिकडे पश्चिमेंत मात्र हा धर्म पारशांच्या अनुमतीवांचूनच पसरूं लागला. नीत्शे या जर्मन तत्त्वज्ञानें १८८३ पासून १८८५ पर्यंत जें प्रसिद्ध पुस्तक लिहिलें, त्यांत जरथुष्ट्राचें फक्त नांव घेतलें; मतें सगळीं स्वतःचींच. त्यानंतर अमेरिकेंत, शिकागो शहरीं, ओटोमन झरदुश्त हानिश नांवाच्या गृहस्थानें ‘मज्दझ्नान’ नांवाचा पंथच काढला. आपण इराणांत जन्मलों व तिकडच्या गुप्त मठांत शिकलों असें ते सांगत. त्यांचें मूळ जर्मन असावें असें शोधकांचें मत आहे. पंथाची शिकवण म्हणजे श्वासोच्छ्वासाचे व्यायाम, शाकाहार, उपवास आणि मधून मधून अहुर मज्दाचें नांव. स्वित्झर्लंडांत झुरिकजवळ त्यांचें केंद्र झालें. जर्मनींत वायमार येथें बाउहाउस नांवाची जी विख्यात कलाशाळा १९१९ सालीं निघाली, तिच्यांतले एक अध्यापक योहानेस इटेन या पंथाचे होते आणि त्यांच्या प्रभावामुळें शाळेच्या भोजनगृहांत लसणीनें युक्त असें शाकाहारी अन्न शिजूं लागलें. या पंथांत आर्यवंशाच्या श्रेष्ठत्वाची कल्पनाही मिसळलेली होती. तरी हिटलरच्या राजवटीनें १९३५ सालीं त्यावर बंदी घातलीच. हानिश १९३६ सालीं वारले. त्यांच्या अनुयायांस हंसणें सोपें आहे. परंतु त्यांच्या शिकवणींत एक गोष्ट नव्हती ती येथें लक्षांत घेतली पाहिजे. ज्या अग्नीपुढें पारशी मनुष्य डोकें टेकतो, तो अखंड जागता ठेवण्याची जबाबदारी त्यांपैकीं कोणावरही पडली नव्हती.

ती जबाबदारी ज्या समाजानें उचलली होती, त्याच्या दारांत एक पाश्चात्त्य स्त्री येऊन उभी राहिली, तेव्हां हा प्रश्न पुस्तकांतून उठून न्यायालयांत गेला.

रतनजी दादाभाई टाटा हे जमशेटजी टाटांचे नातेवाईक आणि त्यांच्या व्यापारांतले भागीदार. त्यांनीं १९०२ सालीं पॅरिसमध्यें सुझान ब्रिएर या फ्रेंच युवतीशीं लग्न केलें. मुंबईस आल्यावर १९०३ सालीं त्या बाईंची यथाविधि नवजोत झाली, म्हणजे त्यांनीं सुद्रा आणि कुस्ती धारण करून जरथुष्ट्री धर्म स्वीकारला. त्यानंतर पारशी पद्धतीनें पुन्हा विवाह लागला आणि तो लावणारे गृहस्थ सामान्य मोबेद नव्हते. दस्तूर कैखुश्रू जामास्पआसा हे मोठे अधिकारी पुरुष होते. बाईंचें नांव सूनी ठेवण्यांत आलें. विधींत कांहीं उणें नव्हतें. उणें होतें तें एवढेंच, कीं त्यांचे आईबाप पारशी नव्हते.

जमातींत मोठें वादळ उठलें. या बाईंस अगियारींत जातां येईल काय? मरणोत्तर दोखम्यांत त्यांस जागा मिळेल काय? पंचायतीच्या विश्वस्तांनीं नाहीं म्हटलें. मग सर दिनशा माणेकजी पेटिट, टाटा आणि त्यांच्या पक्षाचे इतर गृहस्थ यांनीं १९०६ सालीं मुंबईच्या उच्च न्यायालयांत विश्वस्तांविरुद्ध दावा लावला. न्यायासनावर न्या. दिनशा दावर आणि न्या. बीमन असे दोघे होते. एक पारशी आणि एक इंग्रज. १९०८ च्या नोव्हेंबरांत निकाल लागला.

त्या निकालाचें मर्म असें आहे. जरथुष्ट्री धर्मांत परक्याला घेण्यास शास्त्राची मनाई नाहीं, किंबहुना धर्म तसें करण्यास सांगतो, हें न्यायालयानें मान्य केलें. परंतु हिंदुस्थानांत आल्यापासून पारशांनीं परक्यांस धर्मांत घेण्याचा प्रघात कधीं पाडला नाहीं. आणि अगियाऱ्या, दोखमे व धर्मादाय निधि हीं ज्या दात्यांनीं निर्माण केलीं, त्यांनीं तीं पारशी जमातीसाठीं केलीं. पारशी कोण? जे मूळ इराणी निर्वासितांचे वंशज असून जरथुष्ट्री धर्म पाळतात ते; इराणांतून आलेले जरथुष्ट्री इराणी ते; आणि पारशी पित्यास परजातीय स्त्रीपासून झालेलीं, परंतु रीतसर धर्मांत घेतलेलीं मुलें तीं. म्हणजे सूनीबाई जरथुष्ट्री होऊं शकतात, पारशी होऊं शकत नाहींत. धर्माचें दार उघडें, देवळाचें बंद.

या बाई १९२३ सालीं फ्रान्समध्यें वारल्या. त्यांचे पुत्र जहांगीर, ज्यांस सारें जग जे. आर. डी. टाटा म्हणून ओळखतें, ते मात्र निकालांतल्या व्याख्येप्रमाणें पारशीच होते. कारण त्यांचे वडील पारशी होते. याच्या उलट जी पारशी मुलगी जमातीबाहेर लग्न करते, तिचीं मुलें या व्याख्येंत बसत नाहींत. शंभर वर्षें उलटून गेलीं तरी त्या जमातींतले पुष्कळसे कौटुंबिक दुःख या एका वाक्याच्या अनुपस्थितीमुळें उत्पन्न होत आलें आहे.

येथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, कीं पारशी समाज संकुचित मनाचा आहे. असा निवाडा घाईचा होईल. सनातनी पारशाचें म्हणणें शांतपणें ऐकावें. तो म्हणतो, संजाणास उतरलेल्या मूठभर माणसांनीं जनसागरांत आपलें वेगळेपण टिकविलें तें दार लावून घेतल्यामुळेंच. त्याचा पवित्र अग्नि, ज्यास इराणशाह म्हणतात, संकटकाळीं बारा वर्षें बाहरोटच्या डोंगरांत लपवून ठेवला होता, असें संजाणच्या पद्यमय इतिहासांत सांगितलें आहे. हा बाहरोट डहाणूच्या बाजूस घोलवड-बोर्डीजवळ आहे. नया नगरहून उत्तरेकडे जाणारी गाडी त्याच दिशेनें जाते. १७४२ पासून तो अग्नि उदवाड्यास आहे. आतशबेहराम दर्जाचा अग्नि सोळा प्रकारचे अग्नि शुद्ध करून, एकत्र करून प्रतिष्ठित करावा लागतो, आणि एकदां प्रतिष्ठा झाल्यावर दिवसाच्या पांचही गाहांत, म्हणजे पांच प्रहरीं, त्याची सेवा करावी लागते. तोंडावर पदान बांधून मोबेद आंत जातो, चंदनाचे तुकडे अग्नीवर ठेवतो, घंटा वाजवितो, प्रार्थना म्हणतो. यांतला एक गाह मध्यरात्रीपासून पहांटेपर्यंतचा आहे. थंडी असो, पाऊस असो, दंगा असो, त्या वेळीं कोणीतरी उठलेंच पाहिजे. पुस्तक वाचून जरथुष्ट्री झालेला शिकागोचा गृहस्थ त्या वेळीं उठणार आहे काय? सनातनी पारशाचा प्रश्न मुळांत हा आहे.

प्रश्न खरा आहे. परंतु त्यास आतां दुसरी बाजू उत्पन्न झाली आहे. १९४१ च्या शिरगणतींत हिंदुस्थानांत १,१४,८९० पारशी होते. २०११ च्या शिरगणतींत भारतांत ५७,२६४ राहिले, आणि त्यांपैकीं सुमारें पंचेचाळीस हजार एकट्या महाराष्ट्रांत. फाळणीमुळें कराचीचे पारशी या हिशेबांतून गेले हें खरें. परंतु उशिरां होणारीं लग्नें, अविवाहितांची मोठी संख्या आणि परदेशगमन हींच क्षयाचीं मुख्य कारणें. मोबेदांचीं मुलें वैद्य, अभियंते, हिशेबनीस होतात. वडिलांची गादी चालवावयास थोडींच तयार असतात. तेव्हां मध्यरात्रीं कोण उठणार, हा प्रश्न आतां शिकागोच्या गृहस्थास विचारण्यापूर्वीं घरांतच विचारावा लागतो.

इकडे पश्चिमेंतला प्रयत्नही हानिशच्या काळापेक्षां गंभीर झाला आहे. १९८३ सालीं न्यूयॉर्क राज्यांत अमेरिकन कुळांतल्या एका तरुणाची नवजोत झाली. तो अवेस्त्याचा अभ्यासक होता आणि विधि करणारे खरे मोबेद होते. मुंबईंत त्यावरून पुन्हा १९०३ चेंच वादळ उठलें. १९९० सालीं लॉस एंजेलिस येथें अली अकबर जाफरी व त्यांचे सहकारी यांनीं जरथुष्ट्री सभा स्थापिली. तिचा पाया केवळ गाथांवर आणि तिचें दार वंश न विचारतां सर्वांस उघडें. पुण्यास हौगसाहेबांनीं जी रेघ आंखली होती, तिच्यावरच ही इमारत उभी आहे.

आणि शेवटीं ती रेघ फिरून पुण्यासच आली. मुंबईंतल्या कांहीं सुधारक पारशांनीं जरथुष्ट्री धर्माच्या पुनरुज्जीवनासाठीं संस्था काढली आणि २०१७ सालीं पुण्याच्या कोंढवा भागांत ‘अश वहिश्त’ नांवाचें अग्निमंदिर उघडलें. तेथें परजातीय पति, परजातीय पत्नी, त्यांचीं मुलें आणि श्रद्धेनें येणारा कोणीही मनुष्य अग्नीसमोर उभा राहूं शकतो. पंचायतीचा निधि त्यांनीं मागितला नाहीं, जुन्या अगियारीचें दारही ठोठावलें नाहीं. १९०८ च्या निकालानें धर्म आणि जमात हीं निराळीं केलीं होतीं. या मंडळींनीं तो निवाडा जणूं अक्षरशः घेतला आणि धर्मासाठीं निराळें घर बांधलें. सनातन्यांस तें पसंत नाहीं. परंतु एक गोष्ट त्यांसही नाकारतां येणार नाहीं. ही मंडळी केवळ पुस्तक घेऊन बसलेली नाहीं. त्यांनीं अग्नि घेतला आहे, आणि अग्नीबरोबर त्याची चाकरीही.

हाच भेद कसोटीचा आहे. पाश्चात्त्यांसाठीं जरथुष्ट्री धर्म नव्यानें उभा राहील काय, याचें उत्तर गाथांच्या भाषांतरांत मिळणार नाहीं; भाषांतरें पुष्कळ झालीं. तें न्यायालयाच्या निकालांतही नाहीं. निकालानें फक्त हक्क कोणाचा तें सांगितलें. कोणताही धर्म परक्याच्या घरीं मूळ धरतो तो त्यांतलें सुंदर वचन त्याला आवडलें म्हणून नव्हे. त्या धर्मांतलें एखादें कंटाळवाणें, रोजचें, कोणी पाहत नसतांना करावयाचें काम त्यानें आपलें म्हणून उचललें म्हणजे धरतो. नया नगरच्या मुलास कलमा पुरे वाटतो. पण त्याच्या घरचीं वडील माणसें पहांटेच्या नमाजास उठतात म्हणूनच तो कलमा त्याच्यापर्यंत पोंचला, हें तो मोठा झाल्यावर ओळखील.

कान्हेरीच्या लेण्यांत नांवें कोरून गेलेल्या त्या जरथुष्ट्री प्रवाशांस बौद्ध लेण्यांत येण्यापासून कोणी अडविल्याचें दिसत नाहीं. परंतु त्यांच्या त्या लेखांनीं त्यांचा धर्म राखला नाहीं. दगडावरचीं अक्षरें वेस्टसाहेब येईपर्यंत मुकीं राहिलीं. बोलत राहिला तो अग्नि, कारण दर मध्यरात्रीं कोणीतरी उठून त्यावर लांकूड ठेवीत होतें. तें ठेवणारा हात पुढें कोणत्या देशाचा आणि कोणत्या कुळाचा असेल, हें पारशांनीं आणि त्यांच्या दाराशीं आलेल्या पाहुण्यांनीं मिळून ठरवावयाचें आहे. आणि त्यासाठीं वेळ फार उरलेला नाहीं.